रोजगाराचा शोध : कुरआनातील दोन आदर्श

शिक्षण पूर्ण झाले, प्रमाणपत्रे हाती आली, तरी नोकरी मिळत नाही. आज अनेक घरांतून ही चिंता ऐकू येते. अशा वेळी कोणी ‘नशिबात असेल तेव्हा मिळेल’ म्हणून घरी बसतो, तर कोणी अनुभवाचा खोटा दाखला किंवा लाच यांचा मार्ग धरतो. इस्लामला हे दोन्ही मार्ग मान्य नाहीत. सूरह अल्-जुमुआच्या दहाव्या आयतीत नमाज पूर्ण होताच भूमीवर पसरून अल्लाहची कृपा शोधण्याचा आदेश आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तवक्कुल समजावताना पक्ष्यांचे उदाहरण दिले. ते सकाळी उपाशी निघतात व सायंकाळी तृप्त होऊन परततात. वाचकहो, ते घरट्यातून बाहेर पडतात, हे विसरू नका.

मग शोध कसा करावा? दिव्य कुरआनातील दोन प्रसंग पाहा.

हजरत यूसुफ (अ.)

राजाने बोलावले, तरी ते तुरुंगातून लगेच निघाले नाहीत. आधी आपल्यावरील आळाची चौकशी व्हावी, असा त्यांनी आग्रह धरला. नाव निष्कलंक ठरल्यानंतरच त्यांनी पद मागितले. ‘कोणतेही काम द्या’ असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी कोठारांची जबाबदारी मागितली व त्यासाठी आपली दोन योग्यता सांगितल्या : रक्षण करण्याची क्षमता आणि ज्ञान.

आपणही अर्ज लिहिण्यापूर्वी हेच करावे. एकच अर्ज शंभर ठिकाणी पाठवू नये. प्रत्येक जागेसाठी कोणते गुण हवेत ते वाचावे आणि आपल्यात असलेले तेवढेच गुण उदाहरणासह मांडावेत. स्वतःची खरी योग्यता सांगणे हा गर्व नव्हे. नसलेली सांगणे मात्र असत्य आहे.

हजरत मूसा (अ.)

मदयनला ते परके व निराधार होते. पाणवठ्यावर खोळंबलेल्या दोन मुलींच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजले, मोबदला मागितला नाही. मग सावलीत बसून आपली गरज केवळ अल्लाहपुढे मांडली. पुढे त्यातील एकीने वडिलांना सुचविले की यांना कामावर ठेवावे, कारण बलवान आणि विश्वासू माणूसच नोकरीस उत्तम. तिने त्यांचे काम प्रत्यक्ष पाहिले होते. खरी शिफारस अशी मिळते. वडिलांनीही आठ वर्षांची मुदत आधीच स्पष्ट केली, दहा वर्षे पूर्ण करणे मूसा (अ.) यांच्या इच्छेवर सोडले.

म्हणून शिक्षक, नातलग, जुने सहकारी यांना आपण काम शोधत आहोत हे निःसंकोच सांगा. वेतन, वेळ व काम यांच्या अटी आधीच ठरवून घ्या. दरम्यान रिकामे बसू नका. शिकाऊ उमेदवारी करा, आयटीआयमधील एखादे कौशल्य शिका, महास्वयं या शासकीय संकेतस्थळावर नाव नोंदवा. आखातात जायचे असेल तर एजंट शासनाकडे नोंदणीकृत आहे का, हे पैसे देण्यापूर्वी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा.

लहान काम हलके समजू नका. दोरी घेऊन लाकडाची मोळी पाठीवर वाहून विकणे हे लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा उत्तम, अशी पैगंबरांची (स.) शिकवण आहे.

आईवडिलांनो, मुलाच्या नोकरीसाठी लाच देण्यास दागिने मोडू नका. लाच देणारा आणि घेणारा दोघांचाही प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे. जो घास रोज ताटात यायचा, त्याची सुरुवात अशी व्हावी काय? नकार आलेल्या मुलाला टोमणे न मारता त्याच्यासोबत बसून त्याचा पुढचा अर्ज वाचा.

अल्लाह आपल्या तरुणांना हलाल रोजी, सामर्थ्य व विश्वासूपणा प्रदान करो. आमीन.