पायथनची ग्रंथालये : पारखावी, मग स्वीकारावी

परंपरेने आले अथवा सांगणारा थोर आहे, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका, स्वतः पारखा, असा उपदेश तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना केला. जामसरच्या विद्यार्थ्यांना संगणक शिकविताना आम्हांस त्याचे वारंवार स्मरण होते.

पायथन ही संगणकभाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. इतरांनी लिहून ठेवलेल्या व आपणास वापरता येणाऱ्या तयार भागांना या भाषेत लायब्ररी म्हणतात. त्यांचे सार्वजनिक भांडार 'पायपीआय' होय. 'पिप' या साधनाने तेथून लायब्ररी आणता येते. हा पाणवठा सर्वांना खुला आहे. खुल्या पाणवठ्याचे मोल १९२७ च्या महाडनंतर आम्हांस कोणी सांगावयास नको. तथापि पाणी शुद्ध आहे की नाही, हे पाहावेच लागते. 'जेलीफिश' या लायब्ररीच्या नावातील एक अक्षर बदलून तेथे ठेवलेली, गुप्त किल्ल्या चोरणारी नक्कल २०१९ साली उघडकीस आली.

म्हणून प्रथम गरज तपासावी. पर्जन्यमापकाच्या नोंदींची सरासरी काढण्यास पायथनसोबतच येणारी 'स्टॅटिस्टिक्स' पुरेशी आहे. आलेख हवा असेल तर 'मॅटप्लॉटलिब' आणावी. आणण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : नाव अक्षरशः बरोबर आहे काय? अलीकडे सुधारणा झाली आहे काय? परवाना मुक्त आहे काय? 'जव्हार' हा शब्द आलेखावर जोडाक्षरासह नीट उमटतो काय, हे मात्र वापरूनच कळेल.

दोन प्रकल्पांना एकाच लायब्ररीच्या भिन्न आवृत्त्या लागू शकतात. म्हणून प्रत्येकासाठी 'व्हेन्व'ने स्वतंत्र जागा करावी. नेट नसल्यास अडून राहू नये. जेथे नेट आहे तेथे 'पिप डाउनलोड' करावे. 'नमपाय'सारख्या आधारभूत लायब्ररीही सोबत येतात. ते फोल्डर पेनड्राइव्हवर आणून, भांडाराकडे न जाता त्यातूनच घेण्याची सूचना पिपला द्यावी. मात्र दोन्ही संगणकांची कार्यप्रणाली व पायथनची आवृत्ती एकच असावी. शेवटी आवृत्त्यांची यादी जपून ठेवावी.

'मायावी' ही त्रिमितीय चित्रणाची लायब्ररी आयआयटी मुंबईचे प्रा. प्रभु रामचंद्रन यांनी घडवून जगास मुक्तपणे दिली. आमच्या दृष्टीने हे दानच होय. आमच्या मुलामुलींनी आज पारखून घ्यावे आणि उद्या या भांडारात स्वतःची भर घालावी, यासाठीच हा पाठ.