घरच्या विमानाची खिडकी

संगणकाच्या पडद्यावर विमान चालविण्याचा खेळ तुमच्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. त्यास फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपला पहिला असा खेळ १९८२ सालीं विक्रीस आणला. तेव्हांचीं साधीं, रेघारेघांचीं चित्रें जाऊन आज पडद्यावर हुबेहूब डोंगर व ढग दिसूं लागले आहेत. परंतु चित्र हुबेहूब असलें म्हणजे दृष्टि खरी असतेच असें नाहीं. हें आम्हांस आमच्याच चुकीनें कळलें.

गेल्या वर्षीं आम्हीं घरीं सिम्युलेटर बसविला. कॉकपिटमधील कॅमेऱ्याचें दृष्टिक्षेत्र, म्हणजे किती अंशांचा देखावा पडद्यावर मावावा तें माप, आम्हीं हौसेनें ९० अंश ठेविलें. समोरचीं सारीं यंत्रें आणि बाजूच्या खिडक्याही एकदम दिसूं लागल्यामुळें मोठी धन्यता वाटली. पण उतरतांना आमचें विमान दर वेळीं उंच राही व अर्धी धावपट्टी मागें टाकूनच टेके. दोष हाताचा समजून आम्हीं कित्येक संध्याकाळीं हातच घोटविला. सुटींत भेटीस आलेला आमचा एक जुना विद्यार्थी सध्यां विमान चालविण्यास शिकत आहे. तो हा प्रकार पाहून म्हणाला, "सर, हात ठीक आहे, खिडकी खोटी आहे. घरांत मोजपट्टी आहे का?"

त्याचें म्हणणें असें कीं, पडदा ही एक खिडकी समजावी. खिडकीपासून दूर सरलें कीं बाहेरचा थोडा भाग दिसतो, जवळ गेलें कीं अधिक दिसतो. म्हणून खरें दृष्टिक्षेत्र दोनच गोष्टींवर ठरतें: पडद्याची रुंदी आणि डोळ्यांपासून त्याचें अंतर. आमचा पडदा २४ इंची, म्हणजे ५३ सेंटिमीटर रुंद; अंतर ६० सेंटिमीटर. तुम्हीही कंपासपेटी काढून पाहा. ५३ मिलिमीटरांचा पाया घ्या, त्याच्या मध्यावर ६० मिलिमीटरांचा लंब उभारा, लंबाचें टोंक पायाच्या दोन्ही टोंकांस जोडा आणि वरचा कोन मोजा. तो सुमारें ४८ अंश भरेल. आम्ही त्याच खिडकींत ९० अंश कोंबले होते. त्यामुळें मध्यावरची प्रत्येक वस्तु निम्म्याहूनही लहान झाली होती. एक किलोमीटरवरील धावपट्टी सव्वादोन किलोमीटरवर असल्यासारखी भासत होती.

याचा उतरण्याशीं संबंध काय? विमान सामान्यतः जमिनीशीं ३ अंशांचा कोन करून उतरतें. अर्थात् वैमानिकास टेकण्याची जागा क्षितिजाखालीं ३ अंशांवर दिसते. आमच्या पडद्यावर हें अंतर सुमारें ३.१ सेंटिमीटर हवें, तें १.४ सेंटिमीटरच भरत होतें. आपण फार खालीं आलों असें वाटून आम्ही विमान वर ओढीत होतों. हात डोळ्यांची आज्ञा पाळीत होता, पण डोळ्यांस खोटी साक्ष मिळत होती.

कांहीं सिम्युलेटरांत अंश मांडतां येतात. कांहींत केवळ लहानमोठें करण्याची सोय असते. तेथें असें करावें: ४५ मीटर रुंद धावपट्टीच्या अलीकडील टोंकापासून एक किलोमीटरवर, तिच्या बरोबर समोर, विमान थांबवावें आणि त्या टोंकाची रुंदी पडद्यावर पट्टीनें मोजावी. डोळे ६० सेंटिमीटरवर असतील तर ती २.७ सेंटिमीटर भरली पाहिजे.

दुसरी गोष्ट उंचीची. एअरबसच्या कॉकपिटमध्यें समोरच्या कांचांमधील खांबावर लहान गोळ्या बसविलेल्या असतात. तांबडी गोळी पांढरीच्या आड जाईपर्यंत वैमानिक आपली बैठक सरकवितो. मग डोळे योग्य जागीं आले असें समजतो. डोळे खालीं राहिले तर यंत्रफलकाची वरची कड धावपट्टीचा जवळचा भाग झांकते. घरींही कॅमेरा अशाच बेतानें ठेवावा कीं, फलकावरून पुढचें दिसावें आणि यंत्रेंही वाचतां यावींत.

खऱ्या मापास किंमतही द्यावी लागते. ४८ अंशांत बाजूच्या खिडक्या गेल्या. धावपट्टीकडे वळतांना ती दिसेना. पण खरा वैमानिक तरी काय करितो? मान वळवितो. जॉयस्टिकवरील लहान कळीनें कॅमेरा वळवून आम्हांसही तें साधलें. पहिले कांहीं दिवस खोली अरुंद झाल्यासारखी वाटली. नंतर विमान जेथें टेकावें तेथें टेकूं लागलें.

पालकांस हा खेळ वाटेल, व तो खेळच आहे. परंतु डोळ्यांस लागलेली संवय खेळाबरोबर संपत नाहीं. उद्यां एखादा मुलगा किंवा मुलगी खऱ्या विमानांत बसेल, तेव्हां आज पडद्यावर शिकलेलें माप बरोबर जाईल. मुलांनों, पुष्कळ दिसणें निराळें आणि खरें दिसणें निराळें. आज घरीं गेल्यावर आधीं मोजपट्टी घ्या, मग विमान उडवा.