पाऊस मुरवणारी बाग

पहिला मोठा पाऊस आला की शाळेच्या वळचणीखाली काय होते, ते तुम्ही पाहिलेच असेल. पागोळ्यांनी मातीत चर पडतो, मैदानात डबकी साचतात आणि उरलेले पाणी गटारात जाते. उन्हाळ्यात मात्र त्याच गावातली विहीर तळ दाखवते! हे पाणी अडवून जमिनीत मुरवणारी बाग तुम्हांला करता येईल. पण कुदळ मारण्याआधी थोडे गणित आणि एक प्रयोग करायला हवा.

प्रथम गणित. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १ लिटर पाणी मिळाले. समजा, छपराने झाकलेली जागा ६० चौरस मीटर आहे आणि एका सरीत २० मि.मी. पाऊस झाला. ६० × २० = १२०० लिटर. ४ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १५ सें.मी. खोल खळग्यात एवढे पाणी मावते.

आता प्रयोग. बागेच्या जागी ३० सें.मी. लांब, रुंद व खोल खड्डा खणून पाण्याने भरा. मात्र हे पहिले निरीक्षण वहीत लिहू नका! भेगाळलेली काळी माती पहिले पाणी घटाघटा पिते. ओली झाली की तिच्यातले चिकणमातीचे कण फुगतात, भेगा बुजतात आणि पाणी मुरण्याचा वेग एकदम मंदावतो. म्हणून दुसऱ्या दिवशी खड्डा पुन्हा भरा आणि पट्टी उभी धरून पाणी दर तासाला किती उतरते ते लिहा.

तासाला १ सें.मी. उतरले, तर १५ सें.मी. पाणी १५ तासांत मुरेल. पण २ मि.मी.च उतरले, तर ७५ तास लागतील! अशा वेळी खळगा ५ सें.मी. खोल आणि २४ चौरस मीटर करा. पाणी तेवढेच मावेल, पण २५ तासांत मुरेल.

एवढी घाई कशाला? मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या, की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही व ती कुजतात. शिवाय डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा लागतो. पाणी दोन दिवसांत मुरले, तर डासांची पैदास होणार नाही.

खळगा भिंतीपासून निदान ३ मीटर आणि शौचखड्ड्यापासून दूर असावा. तळ सपाट करा. पन्हळीचे पाणी दगडगोट्यांवर पडू द्या, म्हणजे माती वाहणार नाही. उताराच्या बाजूला छोटा बांध घालून त्यात दगडी सांडवा ठेवा. गणितापेक्षा मोठा पाऊस कधीतरी येणारच!

तळात कर्दळ आणि वाळा लावा. भाताप्रमाणेच यांच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे ती पाण्यातही तग धरतात. वाळा पुढे उन्हाळाही सोसतो. कडेच्या उंच, कोरड्या जागी अडुळसा आणि गवती चहा शोभेल.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. प्रयोगाच्या खड्ड्यात पाणी तळातून आणि चारही बाजूंनी मुरते. पसरट खळग्यात ते मुख्यतः तळातूनच मुरते. मग प्रयोगात मिळालेला वेग प्रत्यक्षापेक्षा जास्त असेल की कमी? उत्तर शोधा, शिक्षकांना दाखवा आणि मगच खळग्याचे माप पक्के करा.