सम्यक वाचा आणि माणसाचे नाव



पंचशीलातील चौथे शील आपण नेहमी म्हणतो. खोटे बोलायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. परंतु अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचा चार गोष्टी वर्ज्य करते : असत्य, चहाडी, कठोर वाणी आणि व्यर्थ बडबड.

सुत्तनिपातात वसलसुत्त आहे. श्रावस्तीत भिक्षेला निघालेल्या तथागतांना एका ब्राह्मणाने दुरूनच हिणकस शब्दांनी हाक मारून थांबविले. भगवंत रागावले नाहीत. माणूस जन्माने नव्हे, कर्माने हीन ठरतो, हे त्यांनी त्याला समजावून दिले.

अशी हाक आपल्या ओळखीची आहे. माझ्या आजोबांची सत्तरी उलटली, तरी गावातील पोरेसोरे त्यांना नावाला ‘या’ जोडून एकेरीत हाक मारीत. आजोबा म्हणत, “भाकरी कमी मिळाली तर विसरतो, हाक विसरत नाही.”

आता आपल्याकडे पाहू. आमच्या वस्तीतील एक भगिनी एका कार्यालयात कामाला लागली. जन्माच्या वेळी तिची नोंद मुलगा म्हणून झाली होती. ती स्वतःला स्त्री म्हणून ओळखते. हजेरीपटावर तिचे नवे नाव होते. तरी सहकारी मुद्दाम जुने नाव घेत, “आला का रे?” म्हणत, टाळी वाजवीत. ती डबा एकटी खाऊ लागली. स्वच्छतागृहात जाण्याची वेळ येऊ नये म्हणून दिवसभर पाणी पिईना. तीन महिन्यांत तिने काम सोडले. हसणाऱ्यांत आपलाही एक बांधव होता. तो म्हणाला, “गुरुजी, नुसती गंमत केली.” आजोबांना हाक मारणारेही गंमतच करीत होते.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांचे मूलभूत हक्क मान्य केले. २०१९ च्या कायद्याने नोकरीत त्यांच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली. तथापि कायदा आपली जीभ धरून ठेवू शकत नाही. ते काम शीलाचे आहे.

मराठीत क्रियापदालाही लिंग असते. ‘आला’ की ‘आली’, एवढ्या एका अक्षराने माणूस दुखावतो किंवा सुखावतो. म्हणून आचरण असे ठेवावे :

१. जो जे नाव सांगेल, त्याच नावाने हाक मारावी. जुने नाव उकरू नये.
२. ठाऊक नसेल तर एकांतात, आदराने विचारावे. तोवर “आपण केव्हा आलात?” असे बोलावे; त्यात स्त्री-पुरुष भेद येत नाही.
३. चूक झाल्यास ती सुधारून पुढे बोलावे.
४. शरीराविषयी चौकशी करू नये.
५. इतर हसत असतील तेव्हा आपण हसू नये, थांबवावे.

१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्यात कोणाला वगळलेले नाही.

घरी चर्चेसाठी : आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना कोणत्या नावाने हाक मारीत? आज आपण कोणाला तशी हाक मारतो?

जय भीम.