नाशिकची पोरं, टेबलावरची आफ्रिका

वॉरगेम म्हटलं की आपल्याला कॉम्प्युटरवरचा धडाधड गोळीबारच आठवतो. हा खेळ मात्र टेबलावरचा. एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईला नियम घालून दिले. बोटाएवढ्या बाहुल्या, फासे आणि मोजपट्टी, बस्स! त्यातलाच एक प्रकार एकोणिसाव्या शतकातल्या आफ्रिकेच्या शोधमोहिमांचा. त्यात गोरा साहेब नावानिशी असतो आणि हमाल बहुधा नुसता आकडा: 'हमाल १२'.

मला हा आकडा खटकतो, कारण त्यातले काही जण नाशिकचे होते. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवत. त्यातल्या अनेकांना नाशिकजवळ शरणपूरच्या मिशन शाळेत ठेवत. तिथे लिहिणं-वाचणं आणि हातचा धंदा शिकवत. (नाशिककरांनो, तुमचा शरणपूर रोड तोच!) लिव्हिंग्स्टन जानेवारी १८६६ मध्ये मुंबईहून शेवटच्या मोहिमेवर निघाला. त्याची यादी अशी: मुंबईच्या मरीन बटालियनचे १३ शिपाई, जोहान्ना बेटाचे १०, नाशिकचे ९, शिवाय सुसी, चुमा वगैरे चौघे. एकूण ३६. वर सहा उंट, तीन म्हशी, एक पारडू, दोन खेचरं, चार गाढवं.

आता हे टेबलावर मांडू. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत चार बाय तीनचा प्लायचा तुकडा स्वस्तात मिळतो, भुसा तर फुकट. भुसा हिरवा रंगवून फेविकॉलवर पसरला की झालं गवत. माणसं एम-सीलची, आत तार. उंचीला २८ मिलिमीटर. प्रत्येकाच्या तळाला नाव लिहायचं. गार्डनर, सायमन, आब्राम ही नाशिकची नावं. नाव नसलेला माणूस टेबलावर ठेवायचा नाही, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम पोटाचा, आणि खरं इंजिनीअरिंग इथेच आहे. हमाल साधारण ३० किलो उचलतो. रोज एक किलो धान्य खातो असं धरा. म्हणजे नुसतं धान्य दिलं तर तीस दिवसांत तो स्वतःचंच ओझं खाऊन टाकतो! म्हणून धान्याऐवजी कापड आणि मणी न्यायचे आणि गावोगाव धान्य विकत घ्यायचं. पण एका गावी चालणारा मण्याचा रंग दुसऱ्या गावी कुणी घेत नाही. त्यामुळे गावाचा मुखिया हाही एक खेळाडूच हवा. मी तर म्हणेन, सगळ्यात हुशार मित्राला मुखिया करा. बंदुकीने इथे फार काही जिंकता येत नाही.

तिसरा नियम फाशाचा. दर महिन्याला प्रत्येकासाठी एक फासा, एक पडला तर तो निघून गेला. टिकण्याची शक्यता पाच षष्ठांश. चार महिन्यांनी तिचा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.४८. छत्तीसचे सतरा! हे कडक वाटेल, पण १८६६ संपेपर्यंत शिपाई आणि जोहान्नावाले सगळे गेलेच होते. औषधांची पेटी जानेवारी १८६७ मध्ये गेली.

शेवटचा टप्पा वेगळा खेळायचा. १ मे १८७३ ला लिव्हिंग्स्टन वारला. साहेबाची बाहुली आडवी, तरी डाव संपत नाही. आता हुकूम द्यायला कुणी नाही, ठरवायचं हमालांनीच. त्यांनी काळीज झाडाखाली पुरलं. १८७२ मध्ये येऊन मिळालेल्या नाशिकच्या जेकब वेनराईटने प्रार्थना वाचली आणि झाडावर अक्षरं कोरली. मग शव मीठ लावून, उन्हात वाळवून ते समुद्राकडे निघाले. हजार मैलांहून जास्त वाट, नऊ महिने. वाटेत भेटलेला कॅमेरॉन म्हणाला, इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही.

पुढे प्रेत नेऊ देईनात, तेव्हा त्यांनी एक खोटं बोचकं शव म्हणून परत पाठवलं आणि खरं शव कापडाच्या गाठोड्यासारखं बांधून पुढे नेलं. टेबलावर यासाठी दोन सारखी गाठोडी ठेवा. कुठल्यात काय आहे ते फक्त हमालांच्या बाजूला माहीत. मुखियाला एकच गाठोडं उघडायची मुभा.