जुन्या संगणकाला नवा मदरबोर्ड

पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांतील मागणीच्या नोंदी असोत की रोहा तालुक्यातील एखाद्या शाळेचे दाखले असोत, ही कामे आता संगणकावर होतात. आणि तो संगणक पुष्कळदा दहा-बारा वर्षांपूर्वी तयार स्थितीत विकत घेतलेला असतो. कोकणातील दमट हवा व वीजदाबातील चढउतार यांमुळे असे यंत्र एक दिवस सुरूच होत नाही, आणि “मदरबोर्ड गेला” असे निदान तत्काळ केले जाते. ते पारखून घेणे अगत्याचे आहे. तारीख व वेळ वारंवार चुकत असेल तर दोष बहुधा सी.आर. २०३२ या छोट्या बॅटरीत असतो. मेमरीची पट्टी काढून, पुसून पुन्हा बसविणे आणि वीजपुरवठ्याचा दुसरा संच लावून पाहणे, एवढ्यानेही काही यंत्रे सुरू होतात. बोर्डावरील कपॅसिटरांची टोपणे फुगलेली दिसली, तर मात्र संशय बळावतो.

इंटेल कंपनीने १९९५ मध्ये ‘एटीएक्स’ ही मांडणी पुढे आणली. सुटे भाग जुळवून केलेल्या संगणकांत साधारणपणे तीच असल्यामुळे बोर्ड बदलणे सोपे जाते. तयार संगणकांचे तसे नाही. नेहमीच्या बोर्डाला चोवीस पिनांची वीजजोडणी लागते. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२० व ७०२० मध्ये मुख्य जोडणी आठ पिनांची, तर एचपीच्या अनेक कार्यालयीन संगणकांत सहा पिनांची असते. बाजारातला बोर्ड स्क्रूंच्या छिद्रांवर बरोबर बसतो, पण त्याला वीज देता येत नाही! म्हणून मूळ बोर्डावर छापलेला भाग-क्रमांक उतरवून त्याच क्रमांकाचा वापरलेला बोर्ड शोधणे हाच श्रेयस्कर मार्ग होय. केवळ पेटीवरील नावावर विसंबू नये. एकाच नावाच्या उभ्या व आटोपशीर पेट्यांतील बोर्ड निराळे असतात. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाताना जुना बोर्डच सोबत न्यावा.

प्रोसेसरचे सॉकेटही जुळले पाहिजे. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला एलजीए ११५५, चौथीला ११५० लागते. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढ्यांचे सॉकेट नावाने ११५१ च असले, तरी त्यांचे बोर्ड परस्परांना चालत नाहीत. डीडीआर ३ ची मेमरी डीडीआर ४ च्या खाचेत बसत नाही.

खरी जोखीम नोंदींची आहे. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून नोंदींची प्रत आधी काढावी. बिटलॉकर सुरू असल्यास अठ्ठेचाळीस अंकी कळ हाताशी हवी. ती नसेल तर शाबूत डिस्कही उघडणार नाही. शिवाय यंत्रासोबत आलेला विंडोजचा परवाना मूळ बोर्डाशी निगडित असल्याने वेगळ्या बोर्डावर तो चालेलच असे नाही.

खर्चाचाही विचार व्हावा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो. चौथ्या पिढीच्या यंत्रावर मोठी रक्कम घालणे त्यामुळे क्वचितच परवडते. लिनक्सवर काम भागत असेल, तर गोष्ट वेगळी. काढलेला बोर्ड जडसंग्रह नोंदवहीत दाखवून, ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावा, भंगारवाल्याकडे नव्हे.