इसार देण्याआधी

इसाराचे पैसे अजून देऊ नकोस. घरमालक म्हणतोय ना, नंगारा म्युझियम झाल्यापासून पोहरादेवीत जागेला गिऱ्हाईक रांगेत उभं आहे, रामनवमीच्या आत ठरवा नाहीतर दुसऱ्याला देतो? म्हणू दे त्याला. ५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधान येऊन गेले, म्युझियम सुरू झालं, बाहेरगावच्या गाड्या वाढल्या, हे सगळं खरं. पण जे घर पावसात गळतं, ज्याच्या मागच्या भिंतीला तडा गेलाय आणि ज्याचे कागद अजून कोणी धड पाहिलेले नाहीत, त्याच्यासाठी रांग लागत नसते गं. घाई त्याला आहे. तुला नाही.

बँकेतल्या साहेबानं तुला 'सिबिल बसत नाही' एवढंच सांगून परत पाठवलं आणि तू मान खाली घालून निघून आलीस. असं यायचं नाही. काय बसत नाही, कुठलं कर्ज आडवं येतंय, हे विचारायचं. आता त्यांच्याकडे जाऊही नकोस. आधी स्वतःचा रिपोर्ट काढ. आपण ज्याला सिबिल म्हणतो ती कर्जांच्या नोंदी ठेवणारी एक कंपनी झाली. तसं काम करणाऱ्या एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन आहेत. चौघींनीही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांच्या स्वतःच्या साइटवर पॅन आणि मोबाइल नंबर टाकला की मिळतो. सिबिलचा तर काढच, पण क्रिफ हाय मार्कचा सोडू नकोस, कारण बचतगट आणि मायक्रोफायनान्सची छोटी कर्जं तिथे बारकाईनं दिसतात. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही. नेट कॅफेवाल्याला पाचशे रुपये देऊ नकोस, आणि 'सिबिल वाढवून देतो' म्हणणाऱ्याला तर दारातही उभा करू नकोस. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५०च्या पुढे असला की घरकर्जाला बँका खुशीनं बसवून घेतात. तुझ्या नवऱ्याचा बहुधा उणे १ येईल. घाबरू नको, उणे १ म्हणजे वाईट नव्हे. म्हणजे त्याची काही नोंदच नाही. मला याच गोष्टीचा राग येतो. इतके हंगाम तुम्ही दोघांनी ऊसतोडीला जाऊन मुकादमाची उचल घेतली, फडात राबून पै न पै फेडली. सावकारानंसुद्धा कधी तुमच्या शब्दावर संशय घेतला नाही. त्यातलं एक अक्षर कुठल्या रिपोर्टात नाही. उचल ही कागदाच्या दुनियेत घडलीच नाही. आणि मोबाइलच्या दुकानातून हप्त्यानं घेतलेल्या फोनचा शेवटचा हप्ता तेवढा राहिला, तर तो मात्र वर्षानुवर्षं तिथे बसून असतो. इतिहास नाही एवढ्याच कारणानं पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५च्या निर्देशांत आहे. हे साहेबासमोर शांतपणे म्हणता येईल. मात्र पीककर्जाला सिबिल मागू नका म्हणून मुख्यमंत्री बँकांना बजावतात ते पेपरात वाचून घरकर्जाला तोच नियम सांगायला जाऊ नकोस. ते वेगळं, हे वेगळं.

तुझा रिपोर्ट मात्र कोरा नसणार. तुझ्या नावावर काय काय आहे ते तुलाच माहीत नसेल, म्हणून सावकाश वाच. गटातल्या कुणाला तरी नड होती, तिच्या नावावर आधीच दोन कर्जं होती, म्हणून तुझ्या आधारवर उचललं आणि पैसे तिनं वापरले, असं आपल्या तांड्यांत सर्रास चालतं. तिनं हप्ते बुडवले तर डाग तुला. कुणाला जामीन राहिली असशील तर तेही तिथे दिसतं. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाचं पीककर्ज २०१९च्या महात्मा फुले कर्जमुक्तीत, त्या दोन लाखांच्या माफीत, बसलं असेल तर त्याची नोंद 'बंद' अशी झाली का तेही बघ. आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, तेव्हा एकच कर्ज दोन नावांनी तर दिसत नाही ना, याकडे लक्ष दे.

प्रत्येक कर्जाखाली मागच्या ३६ महिन्यांचा पट असतो. ज्या महिन्यात ००० आहे तो वेळेवर भरलेला. ३०, ६०, ९० असे आकडे दिसले की तेवढे दिवस उशीर. तुझे उशिराचे महिने बघ, मला आत्ताच सांगता येतील: दिवाळीनंतरचे. तुम्ही फडावर, इथे गटाची मीटिंग भरलेली, आणि हप्ता सासूबाईंच्या हातून जायचा तो कधी जायचा, कधी नाही.

चुकीचं काही सापडलं तर त्या कंपनीच्या साइटवर तक्रार टाक आणि तिचा नंबर वहीत लिही. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायचा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. खरं असेल ते मात्र फेडायचं. इथे एक खड्डा आहे, त्यात बायका हमखास पडतात. वसुलीवाला येतो, म्हणतो अठरा हजार थकलेत, दहा द्या, मिटवून टाकू. ऐकायला किती गोड! पण कर्ज असं मिटवलं की रिपोर्टात 'बंद' लिहीत नाहीत, 'सेटल्ड' लिहितात, आणि घरकर्ज देणारा तो शब्द पाहिला की फाइल बाजूला ठेवतो. जमत असेल तर दंडव्याजात सूट माग, पण मुद्दल आणि व्याज पूर्ण भर, खात्यातून भर, आणि 'नो ड्यूज'चं पत्र हातात आल्याशिवाय उठू नकोस. आधीच सेटल केलेलं असेल तर उरलेली रक्कम भरून नोंद बदलून द्याल का, हे लेखी विचार. आणि मायक्रोफायनान्सच्या माणसानं सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन केला तर त्याला सांग की हे २०२२च्या नियमात बसत नाही. त्यांचे फोन आले की तुझे हात थरथरतात, ते मला माहीत आहे.

मग वर्षभर काही मोठं करायचं नाही. नवीन छोटी नोंद तेवढी तयार करायची. बँकेत थोडं सोनं ठेवून लहानसं कर्ज घे आणि ठरल्या तारखेला फेड. किंवा दहा-पंधरा हजारांची एफडी करून तिच्यावर मिळणारं कार्ड घे, महिन्याला त्यातले दोन-तीन हजारच वापर आणि पूर्ण भर. कर्जाच्या ॲपना हात लावायचा नाही. चार बँकांत एकाच महिन्यात अर्जही टाकायचे नाहीत. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि बाई पैशासाठी वणवण फिरतेय असं दिसतं. जानेवारी २०२५पासून बँका कर्जाच्या हप्त्यांची माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवतात, त्यामुळे भरलेलं पूर्वीपेक्षा लवकर दिसतं. नवरा यंदाही फडावर जाणार असेल तर उचलीतून सहा महिन्यांचे हप्ते आधीच खात्यात टाकून ठेव आणि त्या खात्याचं एटीएम सासरच्या कुणाला देऊ नकोस. बोचेल, पण नको देऊस.

प्रसादाच्या दुकानाचे पैसे डब्यात ठेवतेस ते बंद कर. क्यूआर कोड तुझ्याच खात्याचा लाव. रामनवमीला आणि १५ फेब्रुवारीच्या सेवालाल जयंतीला जी विक्री होते ती खात्यातून फिरू दे; रोख आली तर दुसऱ्या दिवशी भरून टाक. आपल्याकडे पगाराची स्लिप नाही. ते पासबुकच आपली स्लिप.

एवढा खटाटोप कशाला, खाजगी फायनान्स तर लगेच देतोय, असं तू म्हणशील. देतो, बरोबर. आता हिशेब कर. पाच लाख, पंधरा वर्षांसाठी. ९ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता पडतो ५,०७१ रुपये. १३ टक्क्यांनी ६,३२६. महिन्याला साडेबाराशेचा फरक, आणि पंधरा वर्षांत सव्वादोन लाखांहून जास्त. तुझ्या घराचं आख्खं छप्पर त्यात होतं.

आता घराकडे येऊ. घरमालकानं तुला ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवला आणि तू तो सातबाऱ्यासारखा जपून ठेवलास. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेतून ड्रोन मोजणी होऊन गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक मिळतंय, ही योजना २४ एप्रिल २०२०ला सुरू झाली. त्या घराचं पत्रक निघालंय का, कुणाच्या नावानं, त्याचे भाऊ-बहिणी त्यात आहेत का, ते भूमी अभिलेखच्या ऑफिसात बघ. जागा गावठाणात आहे की ई-क्लासवर, म्हणजे सरकारी जमिनीवर, हा सगळ्यात मोठा प्रश्न. आपले किती तांडे ई-क्लासवर उभे आहेत ते तुला मी सांगायला नको. १ जानेवारी २०११च्या आधीची राहती अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय सरकारनं २०१८ मध्ये केला खरा, पण पट्ट्यावर मिळालेली जागा विकायला परवानगी लागू शकते, आणि बँक अशा जागेवर कर्ज देईलच असं नाही. शिवाय तीर्थक्षेत्राच्या विकासात रस्ता रुंद होणार असेल तर कुठली घरं जातात, हे ग्रामपंचायतीत आराखडा उघडून बघ. चहाच्या टपरीवर विचारू नकोस. बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च काढेल तेव्हा हे सगळं निघेलच. तोवर तुझा इसार त्याच्या खिशात गेलेला नको.

भिंतीच्या तड्याचंही ऐक. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. प्लास्टरवरची केसासारखी रेघ असेल तर सोडून दे. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा चढत गेलेला आणि बोट आत जाईल एवढा तडा असेल तर ते पायाचं दुखणं आहे. तड्यावर सिमेंटची टिकली लाव, तारीख टाक, आणि एकदा मे महिन्यात, एकदा भर पावसात जाऊन ती तुटली का बघ. घरमालक हसेल. हसू दे. कवेलू काढून टिनपत्रे टाकणं हे खर्चाचं असलं तरी मोजता येतं. पाया मोजता येत नाही.

बँक घर आहे तसं मोजते. गळकं छप्पर आणि तडकलेली भिंत पाहून तिचा इंजिनिअर किंमत कमी लावेल, आणि कर्ज त्या कमी किमतीवर मिळेल. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, पण जुन्या घराला सहसा तितकं देत नाहीत. म्हणून आधीच एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून दुरुस्तीचं अंदाजपत्रक करून घे आणि खरेदी व दुरुस्ती मिळून कर्ज माग. दुरुस्तीचे पैसे एकदम हातात येत नाहीत. काम होत जाईल तसे बिलं पाहून टप्प्याटप्प्यानं सोडतात. तेव्हा पहिल्या टप्प्यापुरते तुझ्याकडे असायला हवेत. मृगाच्या आत छप्पर आणि भिंतीभोवतीचं पाणी वळवणं एवढंच कर. फरशी, रंग, दिवाळीचं दिवाळीत बघू. घर फक्त तुझ्या नावानं घेतलंस तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, आणि घराची किंमत दहा लाखांच्या आत असेल तर मुद्रांक आणि नोंदणीचा खर्चसुद्धा बँकेला किमतीत धरता येतो. हे साहेबाला विचार, तो आपणहून सांगेल असं नाही. कर्जाबरोबर विमा घ्यावाच लागतो असं कोणी म्हणालं तर 'लेखी द्या' म्हण. बहुतेक वेळा आवाज खाली येतो.

नवऱ्याला सोबत अर्जदार घेतलंस तर दोघांचाही रिपोर्ट तपासतात. आणि आता तुझ्या दिराचं. त्याला ट्रॅक्टर घ्यायचाय, जामीनदार म्हणून तुझ्या नवऱ्याची सही मागायला तो येणार, मागच्या आठवड्यात मला बसस्टँडवर त्यानं स्वतः सांगितलं. ती सही झाली की ट्रॅक्टरचा हप्ता चुकल्यावर तुमचं घर अडतं. नवऱ्याच्यानं भावाला नाही म्हणवणार नाही, आणि तू म्हटलंस तर घरात वर्षभर बोलणी खाशील. तेव्हा सरळ सांग की ताईनं बजावलंय. शिव्या द्यायला त्याला माझ्या घरी पाठव. चहा करून देईन.